‘देवकण’ आणि देवाच्या बाजूनें बोललेलें असत्य

देवाचा पक्ष घेऊन बोलत असतां, जी गोष्ट खरी आहे कीं नाहीं हें आपणांस ठाऊक नाहीं, ती खरी म्हणून सांगण्याची ख्रिस्ती मनुष्यास मोकळीक आहे काय? प्रश्न ऐकतांच कोणीही ‘नाहीं’ असें उत्तर देईल. परंतु हें उत्तर जिभेवर जितकें सोपें तितकें आचरणांत सोपें नाहीं, असें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांकडे पाहून आम्हांस वाटूं लागलें आहे. आणि ज्या विषयावरून असें वाटूं लागलें तो आमच्या वाचकांस थोडा चमत्कारिक वाटेल. तो विषय म्हणजे युरोपांत जिनीव्हा शहराजवळ भूमीखालीं बसविलेलें एक यंत्र होय.

सन २०१२ च्या जुलै महिन्याच्या ४ थ्या तारखेस, ह्या यंत्राच्या साहाय्यानें एका नव्या सूक्ष्म कणाचा शोध लागल्याचें जाहीर झालें, आणि वर्तमानपत्रांनीं त्यास ‘देवकण’ असें नांव देऊन मोठमोठ्या अक्षरांत ती बातमी छापिली. तेव्हांपासून दोन प्रकारचीं भाषणें आमच्या कानीं येत आहेत. एक प्रकारचे बंधु म्हणतात, ‘पाहा, शास्त्रज्ञांस अखेर देव सांपडला, आतां उत्पत्तीचा पहिला अध्याय सिद्ध झाला.’ अशा मजकुराचे निरोप भ्रमणध्वनीवरून गांवोगांव फिरतात, व प्रार्थनासभेंत ते मोठ्यानें वाचून दाखविले जातात. दुसऱ्या प्रकारचे बंधु म्हणतात, ‘हा नवा बाबेलचा बुरूज आहे. हे लोक देवाचें काम आपल्या हातीं घेऊं पाहत आहेत, आणि विश्वाच्या आरंभाविषयीं ते जें कांहीं सांगतात तें सर्व खोटें.’ दोघांचाही हेतु देवाचा मान राखण्याचा आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु तें यंत्र काय करितें याची चौकशी दोघांपैकीं एकानेंही केलेली नसते. म्हणून प्रथम तीच हकीकत सांगूं, आणि मग मूळ प्रश्नाकडे वळूं.

स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीवर सर्न नांवाची एक संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४ सालीं, युरोपांतील बारा राष्ट्रांनीं ती स्थापिली. ज्यांचीं विमानें नऊदहा वर्षांपूर्वीं एकमेकांच्या शहरांवर आग पाडीत होतीं, अशीं कित्येक राष्ट्रें तींत होतीं. लष्करी कामाशीं ह्या संस्थेचा कांहीं संबंध असूं नये, व तिचे शोध सर्वांकरितां प्रसिद्ध व्हावे, असें तिच्या करारांतच घातलेलें आहे. हें एक कलम वाचूनच आमचें तिच्याविषयीं मत बरें झालें.

ह्या संस्थेनें भूमीच्या पोटांत, सुमारें १०० मीटर खोलीवर, २७ किलोमीटर घेराचा एक वर्तुळाकार बोगदा केला आहे. त्यांत दोन नळ्या असून त्यांतील हवा अगदीं काढून घेतलेली असते. एका नळींतून एका दिशेनें व दुसरींतून उलट दिशेनें प्रोटॉन नांवाच्या कणांचे झोत सोडितात. प्रोटॉन म्हणजे कांहीं परकी वस्तु नव्हे. आपलें रक्त, नांगराचा फाळ, विहिरीचें पाणी, ह्या सर्वांच्या अणूंच्या गाभ्यांत प्रोटॉन आहेतच. आतां आमच्या शेतकरी बंधूंस गोफण ठाऊक आहे. जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा राहिलेला राखणदार हातानें धोंडा फेंकील तर तो वीसपंचवीस पावलें जाईल. तोच गोफणींत घालून गरगर फिरविला तर शेताच्या पलीकडच्या बांधावरील पांखरें उडतात. ह्या यंत्राची युक्ति तीच. प्रत्येक फेरींत कणांस विजेचा एक धक्का मिळतो व त्यांचें बळ वाढतें. दोरीच्या जागीं येथें चुंबकें आहेत. झोतास वांकवून वर्तुळांत ठेवणारीं अशीं मोठीं चुंबकें १,२३२ असून तीं द्रवरूप हेलियमच्या योगें शून्याखालीं २७१ अंशांपर्यंत थंड ठेवावीं लागतात. अखेरीस ते कण प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळ पोंचतात आणि एका सेकंदांत त्या २७ किलोमीटरांच्या ११,००० हून अधिक फेऱ्या करितात. मग चार ठिकाणीं दोन्ही झोत समोरासमोर आणून त्यांची टक्कर करवितात, आणि त्या टकरींतून काय उडालें तें भोंवतालचीं प्रचंड निरीक्षण-यंत्रें टिपून घेतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दोन मडकीं एकमेकांवर आदळलीं तर खापऱ्या पडतात. परंतु ह्या टकरींत खापऱ्याच पडतात असें नाहीं. कधीं कधीं त्या मडक्यांहूनही जड असें नवेंच भांडें घडून बाहेर येतें. याचें कारण, आइन्स्टाइननें १९०५ सालीं दाखविल्याप्रमाणें, ऊर्जा व वस्तुमान हीं एकमेकांत पालटूं शकतात. वेगाच्या रूपानें जी ऊर्जा कणांत सांठविली ती टकरीच्या क्षणीं नवीन कणांचें रूप घेते. ज्यास ‘देवकण’ म्हणतात तो प्रोटॉनच्या सुमारें १३३ पट जड आहे, तरी तो प्रोटॉनांच्या टकरींतूनच निघाला. इतकें असून एका टकरीची एकंदर ऊर्जा किती म्हणाल, तर उडणाऱ्या दहापंधरा डासांच्या वेगांत असते तेवढीच. नवल तिच्या प्रमाणाचें नसून ती डासाच्या कोट्यवधि पट लहान जागेंत कोंडली जाते ह्याचें आहे.

परंतु ह्या खटाटोपाचा विश्वाच्या आरंभाशीं संबंध काय? विश्व प्रसरण पावत आहे. त्यांतील तारकासमूह एकमेकांपासून दूर जात आहेत. ही गति मनांत उलटी फिरवून पाहिली, तर सुमारें १,३८० कोटी वर्षांपूर्वीं सर्व वस्तु अतिशय दाट व अतिशय तप्त अशा स्थितींत होत्या असें निघतें. मोठ्या दुर्बिणींनीं जितकें दूर पाहावें तितका मागचा काळ दिसतो, कारण दूरचा प्रकाश येथें पोंचण्यास काळ लागतो. परंतु ह्या पाहण्यासही एक शींव आहे. पौषांतल्या सकाळीं नदीवर धुकें दाटलें म्हणजे पलीकडचा कांठ दिसत नाहीं; त्याप्रमाणें आरंभापासून सुमारें ३,८०,००० वर्षेंपर्यंत सर्व विश्व अशा एका तप्त धुक्यानें भरलेलें होतें कीं प्रकाशास त्यांतून सरळ वाट मिळत नव्हती. त्या धुक्याच्या अलीकडच्या कडेचा प्रकाश अत्यंत क्षीण लहरींच्या रूपानें आजही येतो, व तो १९६५ सालीं अमेरिकेंत पेन्झियस व विल्सन ह्या दोघांस सांपडला. त्याच्या पलीकडे दुर्बीण आंधळी आहे.

मग पलीकडचें जाणावें कसें? एखाद्या पडक्या गढीची वीट किती आंचेंत भाजली असेल हें कुंभारास ठरवावयाचें झालें, तर तो तसलीच माती घेतो, भट्टी पेटवितो, आणि कोणत्या आंचेस मातीचें काय होतें हें पाहतो. शास्त्रज्ञ हेंच करितात. वर्षांतील कांहीं आठवडे ते प्रोटॉनांच्या जागीं शिशाच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आदळवितात. त्या टकरींत सूर्याच्या गाभ्याहून एक लक्ष पटींपेक्षां अधिक उष्णता क्षणमात्र उत्पन्न होते, आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आंतील क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. आरंभानंतरच्या पहिल्या सेकंदाच्या दशलक्षांशांत सर्व विश्व ह्याच स्थितींत होतें असें मानण्यास सबळ कारणें आहेत. ही वस्तु वायूसारखी सैरावैरा पसरेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील दुसऱ्या एका यंत्रावरून २००५ सालीं असें जाहीर झालें कीं ती पाण्याहूनही सहज वाहणाऱ्या द्रवासारखी वागते, आणि जिनीव्हाच्या यंत्रानें पुढें त्यास पुष्टि दिली. ही अपेक्षा चुकली ती तर्कानें नव्हे, तर भट्टी पेटवून पाहिल्यानें, हें आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

आतां त्या बहुचर्चित कणाविषयीं. १९६४ सालीं स्कॉटलंडांतील पीटर हिग्ज, बेल्जममधील आंग्लेर व ब्रू, आणि आणखी कांहीं विद्वानांनीं असें अनुमान केलें कीं सर्व अवकाश एका अदृश्य क्षेत्रानें व्यापिलेला असून, मूळ कणांस वस्तुमान प्राप्त होतें तें त्या क्षेत्राच्या योगें. आरंभानंतर एका सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतक्या काळांत हें क्षेत्र आजच्या स्थितीस आलें असावें. तें नसतें तर इलेक्ट्रॉनास वस्तुमान नसतें, आणि अणु बनलाच नसता. हें अनुमान खरें ठरण्यास ४८ वर्षें लागलीं, आणि २०१३ सालीं हिग्ज व आंग्लेर यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ‘ह्या कणामुळेंच सर्व वस्तूंस वजन आहे’ असें सरसकट छापण्यांत येतें, तेंही बरोबर नाहीं. आपल्या शरीराच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या आंत क्वार्कांस जखडून ठेवणाऱ्या ऊर्जेमुळें आहे.

आणि ‘देवकण’ हें नांव? तें कोणा भक्तानें दिलेलें नाहीं. लेडरमन नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९३ सालीं छापिलेल्या पुस्तकाच्या मथळ्यांत तें आलें. हा कण फार त्रास देतो म्हणून आपण त्यास शिवीचा शब्द लावणार होतों, पण प्रकाशकानें तसें करूं दिलें नाहीं, असें त्यानें विनोदानें सांगितलें आहे. स्वतः हिग्ज हे देव मानणारे नव्हते. तरी ह्या नांवानें श्रद्धाळु लोकांचें मन दुखावेल म्हणून त्यांस तें आवडत नसे. विश्वास न ठेवणाऱ्या मनुष्यास जो संकोच वाटला तो आम्हां विश्वासणाऱ्यांस वाटला नाहीं. आम्हीं तें नांव उचलून व्यासपीठावर नेलें. दहा आज्ञांपैकीं तिसरी आज्ञा अशा वेळीं कोणाकडे बोट दाखविते? कणाच्या जातीचें जें खरें नांव ‘बोसॉन’, तें मात्र आमच्या देशाचे सत्येंद्रनाथ बोस यांच्या नांवावरून पडलें आहे. त्यांनीं १९२४ सालीं ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइन यांजकडे पाठविला होता. ही गोष्ट सभेंत सांगावयास कोणतीच हरकत नाहीं, आणि ती फारशी कोणी सांगत नाहीं.

भयाचीही हकीकत अशीच आहे. २००८ च्या सप्टेंबरांत १० तारखेस हें यंत्र प्रथम सुरू झालें, तेव्हां त्यांतून एक कृष्णविवर निघून पृथ्वीस गिळून टाकील अशी आवई कांहीं दूरचित्रवाणी वाहिन्यांनीं घरोघर पोंचविली. आणि आमच्यांतील कांहीं उपदेशकांनीं तिचा उपयोग पश्चात्तापाची हांक देण्याकडे केला. वास्तविक ह्या यंत्रांतल्यापेक्षां अधिक जोराच्या टकरी आकाशांतून येणाऱ्या किरणांमुळें पृथ्वीच्या वातावरणांत सृष्टीच्या आरंभापासून होत आल्या आहेत, आणि पृथ्वी जागच्या जागीं आहे. त्या महिन्यांत बिघडलें तें यंत्रच. दोन चुंबकांमधील विजेचा एक सांधा निकामी होऊन हेलियम सुटला व काम वर्षाहून अधिक काळ बंद पडलें. भयानें जे त्या दिवशीं गुडघे टेकून बसले, ते दुसऱ्या दिवशीं काय समजले असतील? पश्चात्तापाची हांक खरी आहे. पण तिच्या पाठीशीं खोटी बातमी उभी केली, म्हणजे बातमीबरोबर हांकही खोटी ठरते.

ह्याच ठिकाणीं आमच्या मूळ प्रश्नाचा गाभा आहे. ईयोबाचे मित्र देवाचे वैरी नव्हते. उलट, देव न्यायी आहे हें सिद्ध करण्याकरितां ते अध्यायामागून अध्याय बोलत राहिले. परंतु त्यासाठीं त्यांनीं ईयोबाविषयीं जें सांगितलें तें त्यांनीं पाहिलेलें नव्हतें. सिद्धांतास सोईचें होतें इतकेंच. १३ व्या अध्यायांत ईयोब त्यांस रोखून विचारतो कीं, देवाचा कैवार घेण्यासाठीं तुम्ही लबाडी बोलणार काय. आणि पुस्तकाच्या शेवटीं देवाचा राग पेटतो तो ईयोबावर नव्हे, तर ह्या कैवाऱ्यांवर. आम्हांस हें वचन पुष्कळ वर्षें केवळ दुःखितांच्या समाधानाविषयीं आहे असें वाटे. आतां वाटतें कीं तें प्रत्येक उपदेशकाच्या मेजावर उघडें असावें.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. ‘आमची माणसें भोळीं आहेत. देवकणाच्या गोष्टीनें त्यांचा विश्वास दृढ होतो, त्यांस धीर येतो. कोणाचें नुकसान झालें?’ नुकसान कोणाचें होतें तें आम्ही सांगतों. त्याच मंडळींतला एक मुलगा किंवा मुलगी पुण्यास किंवा नगरास कॉलेजांत जाते. तेथें पदार्थविज्ञान शिकतांना पहिल्याच वर्षीं कळतें कीं गांवच्या देवळांत ह्या विषयावर जें सांगितलें तें निराधार होतें. आतां विचार करा. ज्या तोंडानें ती निराधार गोष्ट सांगितली त्याच तोंडानें, त्याच पेटीजवळ उभे राहून, पहांटेस कबरेकडे गेलेल्या स्त्रियांची साक्षही सांगितली होती. त्या तरुणाजवळ दुसरें माप नाहीं. एक गोष्ट तपासतां आली ती खोटी निघाली, तर जी तपासतां येत नाहीं तिची काय किंमत तो करील? दुकानदाराचें वजन खोटें असेल तर तें गिऱ्हाइकाच्या फायद्याचें असलें तरी खोटेंच. आणि तें कळल्यावर शहाणा मनुष्य त्या दुकानांत सोनें घेण्यास जात नाहीं. जीं मुलें अशा रीतीनें मंडळीपासून दुरावतात, त्यांस आपण ‘शिक्षणानें बिघडलीं’ असें म्हणतों. सर्वच तशीं दुरावतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या बिघाडांत शिक्षणाचा वांटा किती व आपला किती, याचा हिशेब कोणी केलेला आम्हांस आढळला नाहीं.

दुसऱ्या पक्षाची, म्हणजे सर्वच खोटें म्हणणारांची, स्थिति याहून बरी नाहीं. ह्या विषयीं एका मनुष्याचें उदाहरण सर्वांनीं जाणावें. बेल्जमचे झॉर्झ लमेत्र हे पहिल्या महायुद्धांत तोफखान्यांत लढले, पुढें १९२३ सालीं रोमन पंथाचे पाद्री झाले, आणि गणिताचे मोठे विद्वान् होते. विश्वाचें प्रसरण १९२७ सालीं त्यांनींच मांडिलें, व एका आदिम अणूपासून विश्वाचा विस्तार झाला ही कल्पना १९३१ सालीं पुढें आणिली. इंग्लंडांतील फ्रेड हॉइल यांस ती रुचली नाहीं, कारण इतर आक्षेपांबरोबर तिला निर्मितीच्या उपदेशाचा वास येतो असेंही त्यांस वाटे. ‘महास्फोट’ ह्या अर्थाचें इंग्रजी नांव त्यांनींच १९४९ सालीं नभोवाणीवर बोलतांना दिलें. मग १९५१ सालीं बारावे पायस पोप यांनीं आपल्या भाषणांत असें सुचविलें कीं हा शोध म्हणजे निर्मितीच्या आद्य आज्ञेस मिळालेली साक्षच होय. कोणासही वाटेल कीं लमेत्र आनंदानें नाचले असतील. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा तपासण्याजोगा सिद्धांत आहे, उद्यां तो चुकलाही ठरूं शकेल, आणि विश्वासाचा पाया त्यावर ठेवणें हें दोहोंनाही घातक आहे, असें त्यांचें मत होतें. त्यांच्या पंथाशीं आमचे मतभेद आहेत ते आहेतच. पण ह्या एका बाबतींत त्यांचा कित्ता गिरविण्यास आम्हांस लाज वाटण्याचें कारण नाहीं. एकास देव नको म्हणून सिद्धांत नको, दुसऱ्यास देव हवा म्हणून सिद्धांत हवा. आणि ज्यानें तो शोधिला तो पाद्री मात्र म्हणतो, आधीं तो खरा आहे कीं नाहीं तें पाहूं या.

ह्याबरोबर आमच्याकडे पूर्वापार चालत आलेल्या एका गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. सतराव्या शतकांत आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनीं वंशावळ्यांवरून हिशेब करून सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ सालीं ठरविला, आणि पुढें इंग्रजी बायबलांच्या समासांत तो आंकडा छापूं लागले. समासांतला आंकडा हें पवित्र शास्त्र नव्हे. तरीही कित्येक ठिकाणीं सहा हजार वर्षांचा आंकडा शास्त्रवचनासारखा शिकविला जातो, व जो तो नाकारील त्यास विश्वासभ्रष्ट म्हणतात. हें आमच्या मतें सोडून द्यावें, आणि ज्येष्ठांनीं तें आधीं सोडावें.

मग ह्या यंत्रानें आरंभाचें कोडें सुटलें काय? नाहीं, आणि तसें तेथील कोणी म्हणतही नाहीं. टकरींत जेव्हां वस्तु उत्पन्न होते तेव्हां तिच्या जोडीस तितकीच प्रतिवस्तु उत्पन्न होते, व दोन्ही भेटतांच एकमेकांचा नाश करितात. आरंभींही तसेंच झालें असेल तर सर्व नष्ट होऊन नुसता प्रकाश उरावयास हवा होता. शंभर कोटींत सुमारें एक कण उरला, आणि त्या उरल्यासुरल्यापासून तारे, सह्याद्रि, बैल व आपण झालों. तो एक कां उरला? वस्तु व प्रतिवस्तु यांच्या वागणुकींत कांहीं भेद ह्या यंत्रांत आढळला आहे, परंतु तो अगदीं अपुरा आहे. तसेंच विश्वांतील वस्तूचा सुमारें पांच षष्ठांश भाग कशाचा बनला आहे हेंही अद्यापि कोणास ठाऊक नाहीं. आणि जरी हें सर्व उद्यां कळलें, तरी यंत्र पहिल्या क्षणानंतरचें सांगतें. कांहीं नसण्याऐवजीं कांहीं आहे हें कां, हा प्रश्न त्याच्या पुढ्यांत नाहींच. सकाळीं चुलींतील राख उकरून जाणता मनुष्य सांगेल कीं रात्रीं बाभळीचें जळण होतें, आंच किती होती, आणि विस्तव केव्हां निवला. भाकर कोणासाठीं भाजली हें राख सांगत नाहीं. परंतु म्हणून राखेनें जें सांगितलें तें खोटें होत नाहीं. आणि भाकर कोणासाठीं भाजली हें ज्यास ठाऊक आहे, त्यानें जळण निंबाचें होतें असा हट्ट धरूं नये.

खर्चाविषयीं दोन शब्द. यंत्रास कित्येक अब्ज स्विस फ्रँक लागले, आणि आतां ९१ किलोमीटर घेराचें दुसरें यंत्र उभारावें अशी योजना असून तिचा अहवाल २०२५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्याचा अंदाज सुमारें १५ अब्ज फ्रँकांचा आहे. ज्याच्या गांवीं चैत्रांत टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते तो विचारणारच कीं हें कशाला. बेथानी येथील सुगंधी तेलाची कथा सांगून त्यास गप्प बसवूं नये. तें तेल प्रभूच्या चरणांवर ओतलें होतें, यंत्रावर नव्हे. असल्या यंत्रांच्या विद्येंतूनच कर्करोगावर किरणोपचार करणारीं यंत्रें निघालीं, आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयांत आमच्या खेड्यांतलींही माणसें त्यांखालीं निजलीं आहेत, हें खरें. तरी एवढ्यानें हिशेब चुकता होतो असें आम्हांस वाटत नाहीं. आपला देशही २०१७ सालापासून सर्न संस्थेचा सहयोगी सभासद आहे, व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें तेथील एका निरीक्षण-यंत्राचा भाग तयार करण्यांत हात दिला आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ परक्यांचा नाहीं. नव्या यंत्राविषयीं युरोपांतील शास्त्रज्ञांतही एकमत नाहीं. आमचेंही मत अजून ठरलें नाहीं.

एका प्रचारकबंधूंनीं आम्हांस विचारलें कीं, हें सर्व खरें धरलें तर देवकणाचा निरोप कोणी सभेंत वाचून दाखविला म्हणजे आपण काय करावें. त्यास अपमान वाटेल असें कांहीं करूं नये, कारण तो प्रीतीनें वाचीत असतो. वाचून झाल्यावर, त्या कणाचें नांव बोस यांच्या नांवावरून कसें पडलें, गोफणीप्रमाणें तो झोत कसा फिरवितात, आणि शंभर कोटींतला एक कण कां उरला हें अद्यापि कोणास ठाऊक नाहीं, इतकें सांगावें. कोणी तरुण अधिक विचारूं लागला, व आपणांस उत्तर येत नसलें, तर येत नाहीं असें सर्वांदेखत म्हणावें, आणि त्यासच ठाऊक असेल तर पुढें बोलावून सांगावयास लावावें. मग ईयोबाचा ३८ वा अध्याय सर्वांनीं मिळून वाचावा.